चोवीस झाडं आणि एक टेप

मनालीला देवदाराच्या एका कापलेल्या बुंध्यावर वाकून माझ्या पुतणीने वर्तुळं मोजायला घेतली होती. शंभरीच्या पुढे कुठेतरी तिचा हिशेब चुकला आणि तिने मान वर करून विचारलं, "आत्या, तुझ्या खाडीतल्या झाडांचं वय असंच मोजतेस का गं?" मी नाही म्हटलं. का नाही, ते सांगता सांगता हडिंबा देवळापासून मॉल रोड आला, तरी माझं उत्तर संपलं नव्हतं. ते आता इथे पुरं करते.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे. २०१२ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्या थंडीपासून नेरूळला सारसोळ्याच्या बाजूची खाडीतली चोवीस झाडं धरून बसले. वीस तिवरं, चार चिप्पी, दोन्ही खारफुटीच. वर्षातून दोनदा प्रत्येकाचा घेर मोजायचा, वहीत टिपायचा, एवढाच उद्योग. पिशवीत परवानगीचा कागद, पोलादी टेप, रंगाची डबी, लिमलेटच्या गोळ्या. सोबतीला गावातले एक नाखवा. त्यांची होडी आता मुलगा चालवतो, त्यामुळे त्यांना वेळ असतो आणि मला वाट दाखवणारं माणूस मिळतं.

घर म्हणतं, हे कसलं वेड! असेल. पण त्यातून जे कळलं ते पाठ्यपुस्तक शिकवताना तीस वर्षांत कळलं नव्हतं.

१. झाडाला वय विचारू नका, पत्ता विचारा

माझं तीन नंबरचं तिवर खाडीच्या तोंडाशी आहे. एकोणीस नंबरचं तिथून दीडेकशे पावलं आत, जमिनीच्या अंगाला. जात एक. नाखवांच्या सांगण्यावरून वयही एकच, कारण मिठागराचा जुना बांध फुटल्यावर जी रोपं उठली त्यातलीच ही दोन्ही. तीन नंबर दुमजली घराएवढं झालंय. एकोणीस नंबर माझ्या कमरेला लागतं. छातीच्या उंचीवर घेर मोजायचा असा वनखात्याचा नियम, पण या बापड्याला छातीच नाही. त्याचं माप मी बुडाशी घेते.

पहिल्या वर्षी मी वहीत लिहून ठेवलं होतं, 'रोगट?' आता ते वाचून हसू येतं. रोग वगैरे काही नाही, मीठ आहे. खाडीच्या तोंडाशी दिवसातून दोनदा भरतीचं पाणी येतं, धुऊन जातं. आत एकोणीस नंबरपाशी ते फक्त उधाणाला पोचतं. मग आठ-दहा दिवस ऊन त्याच्यावर काम करतं, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पुढच्या उधाणाला त्यावर आणखी एक थर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मे महिन्यात अशा मागच्या पट्ट्यातल्या मातीतलं पाणी त्याहूनही खारट होतं. गाळ वाळून भेगाळतो आणि कडेला पांढरी पापडी धरते.

तिवराला मीठ लागतंच असा समज आहे. थोडं मीठ त्याला मानवतं, पण जास्त मिठात ते फक्त तगतं. समुद्राच्या पाव ते निम्म्या खारटपणात ते सर्वांत जोमाने वाढतं. त्याहून खारट पाण्यातून गोडं पाणी ओढून घ्यायचं तर झाडाला जास्त जोर लावावा लागतो. बहुतेक मीठ मुळंच अडवतात, जे सुटतं ते पानं बाहेर टाकतात. मे महिन्यात सकाळी एकोणीस नंबरचं पान जिभेला लावून बघितलं तर चिंचेबरोबर खायच्या मिठाची आठवण होते. झाडाची कमाई अशी या हमालीत जाते, मग अंगाला काय लागणार?

२. टेप लावण्याआधी स्वतःच्या पायांकडे बघा

छातीची उंची म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटर, जुन्या भाषेत साडेचार फूट. माझी उंची बेताची, त्यामुळे ही बरोबर माझी हनुवटी. दरवेळी मोजपट्टी कुठे लावत बसा, म्हणून मी हनुवटीशी टेप धरायचे आणि स्वतःच्या हुशारीवर खूश व्हायचे.

दीड वर्ष गेल्यावर लक्षात आलं की खाडीकाठची झाडं माझ्या वहीत भलतीच जाड होत चालली आहेत. नाखवा शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. घोट्याच्या वर, पोटरीपर्यंत मी गाळात. मी वीतभर खाली गेले की हनुवटीही वीतभर खाली, आणि बुंधा तर खाली जाडच असतो. आतल्या कडक जमिनीवर मी रुतत नव्हते, म्हणून तिथली मापं बरोबर आणि काठावरची सगळी चुकीची. तीन वेळची मापं काट मारून फेकली.

ही चूक बारीक नाही. खारफुटीचं वजन झाड न कापता काढायचं तर व्यासावरून सूत्राने काढतात. आकिरा कोमियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दिलेलं सूत्र सगळीकडे वापरतात. त्यात व्यासाचा घात २.४६ आहे. म्हणजे व्यास दुप्पट झाला की वजन साडेपाच पट. लाकडाची घनता ०.६५ धरली तर ३० सेंटिमीटर घेराचं तिवर वाळल्यावर जमिनीच्या वर साधारण ४० किलो भरतं आणि ६० सेंटिमीटर घेराचं सव्वादोनशेच्या पुढे जातं. टेप वीतभर घसरली की कागदावर किलोच्या किलो जंगल वाढतं.

तेव्हापासून प्रत्येक बुंध्यावर पिवळ्या रंगाची रेघ आहे. खिळा नाही. खिळ्याने साल सुजते आणि आपण ती सूज मोजत बसतो.

३. तिथी बघून घराबाहेर पडा

भरतीचं गणित सोपं आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. मोबाइलवर सगळं मिळतं, पण गाळाच्या हातांनी मोबाइल कोण काढणार?

आतली झाडं मोजायची तर अष्टमीच्या आसपास, भांगाला, म्हणजे भरती लहान असते तेव्हा जायचं. पाणी तिथवर चढतच नाही. काठावरची मोजायची तर पौर्णिमा-अमावास्येला, सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या सुमाराला, कारण उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. एकदा मी हे उलटं केलं. परत निघताना पाणी मांडीला लागलं होतं आणि माझा डावा गमबूट अजूनही तिथेच कुठेतरी गाळात आहे.

४. वर्तुळं मोजायचा मोह सोडा

पुतणीचा प्रश्न. देवदार, चीड, कैल ही सूचिपर्णी झाडं थंड प्रदेशात वाढतात. हिवाळ्यात त्यांची वाढ थांबते, वसंतात परत सुरू होते. वसंतातलं लाकूड फिकं आणि सैल, सरत्या हंगामातलं गडद आणि दाट. त्यामुळे वर्षाला एक वर्तुळ, बँकेच्या पासबुकासारखी स्पष्ट नोंद. पश्चिम हिमालयातल्या देवदारांत मार्च ते मेमध्ये पाऊस-ओल चांगली झाली की वर्तुळ रुंद, तो काळ कोरडा आणि तापलेला गेला की अरुंद. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत या वर्तुळांवरून जुनं हवामान वाचतात. आपल्या सागाचीही वर्तुळं त्यांनी वाचली आहेत, कारण साग उन्हाळ्यात पान गाळून थांबतो.

तिवर थांबत नाही. आणि त्याच्या लाकडाची तऱ्हाच वेगळी. बहुतेक झाडांत साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एकच थर असतो. तिवरात एकामागून एक नवे थर तयार होतात, लाकडात सालीच्या बाजूच्या पेशींचे पट्टे अडकत जातात. आडवा काप घेतला तर वर्तुळं सुरेख दिसतात, पण त्यांचा आणि वर्षांचा मेळ नाही. वर्षाला एकाहून जास्त पडू शकतात. म्हणून तिवराचं वय त्याच्या पोटातून काढता येत नाही. ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून काढावं लागतं, किंवा माझ्यासारखं टेप घेऊन तिथे म्हातारं व्हावं लागतं.

(मला स्वतःला ही अडचण आवडते. पासबुक नसलेल्या झाडाकडे जावंच लागतं.)

५. सप्टेंबरमध्ये घाबरून पत्र लिहू नका

मी लिहिलं होतं. २०१४ चा सप्टेंबर असावा, गणपती नुकतेच गेले होते. पाऊस सरत आलेला, खाडीचं पाणी गोडसर झालेलं, झाडं फळांनी लगडलेली. खरं म्हणजे वर्षातला सर्वांत सुखाचा काळ. आणि मी जाते तर वीसपैकी चौदा तिवरं उघडी! पान म्हणून नाही. फांद्यांवर पानांच्या नुसत्या शिरा. जाळल्यासारखा तपकिरी पट्टा, आणि त्यातच चिप्पी मात्र हिरव्यागार उभ्या. मला वाटलं, कोणी औषध मारलं, नाही तर खाडीत काहीतरी विषारी सोडलं. घरी येऊन रागारागात दोन पानी पत्र लिहिलं. कोणाला लिहिलं ते सांगत नाही, कारण ज्यांना लिहिलं त्यांचा काहीच दोष नव्हता.

टाकण्याआधी पुन्हा एकदा गेले. शांत उभी राहिले तर झाडाखाली रिमझिम पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता. आकाश कोरडं. हातातल्या वहीवर बघते तर मोहरीएवढे काळे दाणे टपटपत होते. अळ्यांची लेंडी! मान वर केली तर प्रत्येक फांदीवर काळसर, अंगावर पट्टे असलेल्या अळ्या, रेशमी धाग्याला लटकून हेलकावे खाणाऱ्या. ही तीच अळी जी सागाची पानं खाते. मुंबई-ठाण्याच्या खाडीत पावसाळ्याच्या शेवटाला ती तिवरावर उतरते. चिप्पीला तोंड लावत नाही. साळुंक्यांची आणि वेड्या राघूंची चंगळ चालली होती.

तीन आठवड्यांनी झाडांवर कोवळी पालवी होती. महिन्याभरात परत हिरवं. पत्र अजून माझ्या वहीत आहे, कोरं तिकीट लावलेलं.

पण वाढीच्या हिशेबात ही अळी मोठी. नवी पानं काढायला झाडाने जे साठवलेलं वापरलं ते लाकडात गेलं नाही. आणि फांदीवरून पडलेली लेंडी व पानांचा चुरा गाळात जाऊन पुन्हा त्याच मुळांना मिळाला, काही चिंबोऱ्यांनी बिळात ओढला. एका हाताने घेतलं, दुसऱ्याने थोडं परत दिलं. त्या वर्षीची नुसती घेराची मापं बघणाऱ्याला वाटेल की पाऊस कमी पडला. त्या वर्षीच्या रकान्यात मी 'अळी' असं लिहून ठेवलंय. मापाशेजारी असा एक शब्द नसेल तर त्या मापाला काही किंमत नाही असं माझं मत आहे.

६. पाणी अडलं की झाड बुडूनही मरतं आणि वाळूनही

अकरा ते चौदा नंबर एका जुन्या बंधाऱ्याच्या आतल्या खोलगट भागात होते. बंधाऱ्याखालून एक सिमेंटचा पाईप, त्यातून भरतीचं पाणी आत-बाहेर करायचं. एका उन्हाळ्यात शेजारी काहीतरी काम निघालं, राडारोडा पडला आणि पाईपचं तोंड बुजलं. झाडाला कोणी हात लावला नाही, कुऱ्हाड नाही, आग नाही. पावसाळ्यात आत पाणी साचलं ते निघेना.

तिवराची मुळं हवेवर जगतात. गाळात प्राणवायू नाही, म्हणून झाडाभोवती जमिनीतून पेन्सिलीएवढे खुंट वर येतात. एका मोठ्या झाडाचे ते हजारोंनी असतात. त्यांच्या अंगावरच्या छिद्रांतून ओहोटीच्या वेळात हवा आत जाते आणि खालच्या मुळांना पोचते. भरती आली, सहा तास श्वास रोखला, ओहोटीला सोडला, असा त्यांचा दिवस. पाणी उतरलंच नाही तर किती दिवस श्वास रोखणार? दिवाळीपर्यंत चारही झाडांची पानं पिवळी पडली. मार्चपर्यंत ते पाणी आटलं, तळाला मिठाची पापडी आली आणि जी दोन धुगधुगत होती तीही गेली. आधी गुदमरली, मग होरपळली, दोन्ही एकाच पाईपमुळे.

पाण्याच्या पातळीचं प्रकरण किती नाजूक आहे ते ऑस्ट्रेलियात मोठ्या प्रमाणावर दिसलं. कार्पेंटारियाच्या आखातात २०१५ च्या शेवटाला एल निनोच्या काळात समुद्राची पातळी काही महिने खाली राहिली, त्यात पाऊस नाही, उष्मा जास्त. सुमारे हजार किलोमीटर किनाऱ्यावरची ७,४०० हेक्टर खारफुटी वाळून गेली. तिथे कोणी पाईप बुजवला नव्हता. झाडं जिथे उभी होती तिथवर पाणी आलं नाही, एवढंच.

आपल्याकडे कायदा आहे आणि तो चांगला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडायला मनाई केली, २०१८ च्या निकालात तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. पण तोडलेल्या झाडाचा पंचनामा करता येतो, फोटो निघतो. अडलेल्या पाण्याचा फोटो काढला तर तळं छान दिसतं, वर दोन बगळेही येतात. तो पाईप पुढे मोकळा झाला. नाखवांच्या मुलाने आणि त्याच्या मित्रांनी एका रविवारी पहारीने केला. चार झाडं गेली ती गेली, पण दोन पावसाळ्यांत त्या खोलगटात आपोआप शे-दीडशे रोपं उभी राहिली. एकही कोणी लावलं नव्हतं. पावसाळ्यात तिवराची फळं पिकून गळतात तेव्हा आतला अंकुर जवळजवळ तयार असतो. भरती त्यांना आणते आणि ओहोटी ठेवून जाते. पाण्याला वाट मिळाली की वृक्षारोपणाचे फलक लागत नाहीत.

७. फार हिरव्या झाडावर भुलू नका

नाल्याच्या तोंडाशी बावीस नंबर आहे. काळं पाणी, वास नकोसा. पान तळहाताएवढं नाही, पण बाकीच्यांपेक्षा चांगलंच मोठं आणि गर्द. सांडपाण्यात नत्र-स्फुरद भरपूर, वर खारटपणाही कमी. माझ्या वहीत घेर सर्वांत वेगाने वाढलेलं झाड हेच. पाहुण्यांना नेलं की सगळे त्याच्यापुढेच फोटो काढतात.

मला त्याची भीती वाटते. खत मिळालेलं झाड पानं-फांद्यांत पैसा घालतं, मुळांत हात आखडता घेतं. निरनिराळ्या देशांत खारफुटीला मुद्दाम खत घालून केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. जिथे पाऊस कमी आणि क्षार जास्त, तिथे खत घातलेली झाडं दुष्काळात आधी मेली. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस येतो म्हणून बावीस नंबर दरवर्षी वाचतं. एखाद्या वर्षी जुलैपर्यंत आला नाही तर? शिवाय त्याचे श्वासाचे खुंट प्लास्टिकच्या पिशव्यांनी गुंडाळलेले असतात, ते मी आणि नाखवा सोडवत बसतो. पंधरा दिवसांनी परत तेच.

८. झाडं वाढली म्हणून खाडीचं बरं चाललंय असं नाही

हे मला नाखवांनी शिकवलं, आणि ते ऐकून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. मी उत्साहाने सांगायचे की ठाण्याच्या खाडीत २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळांत नाव लागलं, तिवरांचा पट्टा खाडीच्या दिशेने पुढे सरकतोय. ते मान हलवायचे. एकदा म्हणाले, "बाई, झार नाय वारला, गाल वारलाय." त्यांच्या बोलीत ळ चा ल होतो, ड-ढ चा र. गाल म्हणजे गाळ, वारला म्हणजे वाढला.

चारी बाजूंनी भराव पडला, पूल झाले, नाल्यांनी माती आणली. खाडी उथळ झाली. जिथे त्यांच्या लहानपणी ओहोटीलाही होडी तरंगायची तिथे आता गाळ उघडा पडतो, आणि उघड्या गाळावर तिवर उठतंच. माझ्या टेपला ती वाढ दिसते. त्यांना त्या वाढीत जेट्टीपासून दूर गेलेलं पाणी दिसतं. शहराच्या आतल्या धारण तलावांचीही हीच गोष्ट. नवी मुंबई बसवताना सिडकोने ते पावसाचं पाणी भरतीच्या वेळात साठवायला ठेवले. त्यांत गाळ बसला, गाळावर तिवरं उगवली. आता गाळ काढायचा तर तिवरांना हात लागतो, आणि तिवरांना हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं, त्यामुळे यावर सभेत बोलायला बोलावलं की मी जात नाही.

गेल्या पौष पौर्णिमेला संध्याकाळी तीन नंबरपाशी गेलो. पिवळी रेघ बारा वर्षांपूर्वी जमिनीपासून बरोबर १.३७ मीटरवर मारलेली. मोजपट्टी गाळावर टेकवून बघितली तर रेघ १.२२ वर. बुंधा काही खाली गेला नव्हता, त्याच्या पायाशी गाळ पंधरा सेंटिमीटर चढला होता. नाखवा काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघून हसले. नियमाप्रमाणे आता वर नवी रेघ मारायला हवी, पण मग जुन्या मापांशी मेळ बसणार नाही. जुनीही ठेवली, वर तांबड्या रंगाची दुसरी मारली. दोन्ही ठिकाणी टेप लावली आणि वहीत एक नवा रकाना आखला, 'गाळ' म्हणून. तोवर पाणी फिरलं होतं. नाखवांनी माझा उजवा बूट धरला, मी पाय ओढला, आणि आम्ही निघालो.